धूर नसला तं?

“मॅडम, जरा जोरानं सांगा. मांगं ऐकू नाही येत.”

हॉलच्या शेवटच्या रांगेतून आवाज आला आणि एकतीस बायकांनी एकदम माना वळवल्या. मी फळ्यावर लिहीत होते. खडू हातात तसाच धरून मीही वळले. भिंतीला पाठ लावून, पिशवी मांडीवर घेऊन, चाळिशी ओलांडलेली एक काटक बाई बसली होती.

“मग पुढे येऊन बसा ना. इथे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.”

“नाही, मले इथंच बरं. भित्तीले पाठ टेकतो.”

बायका हसल्या. मीही हसले, पण मनातून चरफडले. प्रशिक्षणाला येऊन मागे बसायचं, भिंतीला टेकायचं आणि वर ऐकू येत नाही म्हणायचं! दुपारी जेवण झालं की ही बाई घोरणार, असं मी मनाशी लिहूनही टाकलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि नोकरीला चार महिने झाले होते. आमचा तालुका कोळशाच्या खाणींचा. जेवणाच्या खोलीच्या खिडकीतून वीजघराच्या दोन चिमण्या दिसत आणि दोरीवर वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळपर्यंत करडी होई. तालुक्यातल्या आशाताईंना, म्हणजे गावोगाव घरोघर फिरून बाळंतपणं, लसी, ताप-खोकला बघणाऱ्या बायकांना, हवेच्या प्रदूषणाबद्दल दोन दिवस शिकवायचं काम माझ्यावर आलं होतं. मला शिकवायला आधी जिल्ह्याला तीन दिवस बोलावलं होतं. त्यातल्या शेवटच्या दुपारी ‘घरातली हवा’ हा धडा होता आणि त्या दुपारी मी बाजारात स्वेटर घ्यायला गेले होते. घरातल्या हवेत शिकण्यासारखं काय असणार, चूल मलाही ठाऊक होती! अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण त्या वयात पिवळेपणाच सोन्यासारखा वाटतो.

सकाळचं सत्र झकास झालं. चिमण्यांचा धूर, खाणीची धूळ, डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसातून रक्तात कसे उतरतात, दम्याची मुलं, कमी वजनाची बाळं, हृदयाचे झटके. सगळं मी चित्रं दाखवून सांगितलं. वीज मात्र दोनदा गेली. वीजघराच्या पायथ्याशी बसून अंधारात प्रशिक्षण घेण्याचा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो, असं मी म्हणाले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला जरा जास्तच आवडल्या.

दुपारी चुलीवर आले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘धूर म्हणजे विष.’ मग त्याचं एक घोषवाक्यही केलं. “धूर दिसला? दार उघडा!” मी अर्धं म्हणायचं, बायकांनी उरलेलं. तीन-चारदा हॉल दणाणला. शेवटच्या रांगेत हात वर झाला तो तेव्हा.

“मॅडम, अन् धूर नसला तं?”

“म्हणजे?”

बाई उभी राहिली. “मी गिरजाबाई नन्नावरे, मोहबोडीची. आमच्याकडं कोळशाची शेगडी रायते. आंगनात पेटोतो. पयले लय धूर निंघते. थो पुरा जाऊ देतो. लालभडक निखारे झाले की मंग शेगडी घरात नेतो. मंग धूर नसते. तं थे चालते का?”

सगळ्या तालुक्याची हीच रीत. दिवस मावळला की अंगणाअंगणात शेगड्या धुमसत, गल्लीत माणसाला माणूस दिसत नसे, आणि अर्ध्या-पाऊण तासानं निखारे लाल झाले की शेगड्या उचलून आत जात.

“कशासाठी नेता आत? स्वयंपाकाला?”

“सैपाकाले बी. पन मी बाळंतिनीचं इचारतो. माही पोरगी बाळंत झाली, वनिता. आज पाचवा दिस. तिच्या बाजीखाली शेगडी लागते. शेक नको का? थंडी किती पडून राहिली. अन् बाळंतिनीची खोली तं बंदच असते, वारा लागू नये म्हनून.”

बत्तीस जणी माझ्याकडे बघत होत्या. मला एक क्षणभरही थांबावंसं वाटलं नाही, हे आज लिहितानाही टोचतं. उलट मला आनंद झाला. प्रशिक्षणात लोकांच्या चांगल्या रीतींचं कौतुक करावं, असं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि पहिल्या दिवशी मी हजर होते.

“चालते!” मी म्हणाले. “अहो, चालते काय, हीच योग्य पद्धत आहे. धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मगच शेगडी आत न्यायची. बघा, आपल्या जुन्या बायका किती शहाण्या होत्या.”

फळ्यावर मी तेही लिहिलं. ‘शेगडी बाहेर पेटवा, धूर गेल्यावर आत न्या.’ बायकांनी वह्यांत उतरवून घेतलं. गिरजाबाई मात्र उभीच राहिली.

“पक्कं न, मॅडम?”

“अगदी पक्कं.”

“बंद खोलीत बी?”

“धूरच नाही तर भीती कसली, गिरजाबाई?”

ती खाली बसली. तिचा चेहरा पडला होता, हे मी पाहिलं. एखाद्याला हवं तसं उत्तर मिळाल्यावर चेहरा का पडावा, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. मी पुढच्या चित्राकडे वळले.

चारला बायका गेल्या. मी तक्ते गुंडाळले, खडू डबीत भरले आणि दुसऱ्या दिवसाची तयारी म्हणून पुस्तिका उघडली. चहा येईपर्यंत पानं चाळत होते. एक्केचाळिसाव्या पानावर शेगडीचं चित्र होतं. लाल निखारे, वर धुराची एक रेघ नाही, आणि बाजूला काळी फुली.

मी ते पान तीनदा वाचलं. कोळसा जळताना एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. निखारा लाल झाला तरी तो निघतच राहतो. बंद खोलीत तो साठतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. तान्ह्या बाळांना सर्वांत आधी धोका. शेवटची ओळ ठळक होती: ‘धूर नाही म्हणजे धोका नाही, असे कधीही सांगू नका.’

चहा आला तो तसाच राहिला.

बाकीच्या बायका सकाळी दहाला परत येणारच होत्या, त्यांना तेव्हा सांगता आलं असतं. पण एका घरात शेगडी आजच पेटणार होती. तिथे पाच दिवसांचं बाळ होतं आणि तिथे मी ‘अगदी पक्कं’ असं सांगून बसले होते. हजेरीच्या कागदावर गिरजाबाईचा मोबाईल नंबर होता. लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

“मोहबोडीत रेंज कुठं येते, मॅडम?” आमच्या जीपचे ड्रायव्हर टेकामभाऊ दारात उभे होते. “एका चिचीच्या झाडाखाली येते, थेबी वारा असला तं.”

“किती लांब आहे?”

“बावीस किलोमीटर. काहून?”

“चला. आत्ता.”

टेकामभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या एका गोष्टीसाठीही मी त्यांची ऋणी आहे.

रस्त्यावर कोळशाचे ट्रक होते. प्रत्येक ट्रकमागे धुळीची भिंत. सूर्य मावळतीला तांबडा झाला होता आणि मला तो दिसेनासा व्हायला नको होता, कारण दिवस बुडाला की शेगड्या पेटतात. “भाऊ, जरा जोरात घ्या,” असं मी किती वेळा म्हणाले कोण जाणे. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, याच्यापरीस जोरात जीप नाही जात, तुमी म्हनाल तं मी उतरून पळतो.”

मोहबोडीत शिरलो तेव्हा सव्वासहा झाले होते. गल्लीत धूर भरला होता. अंगणाअंगणात शेगड्या धुमसत होत्या. एका पोरीनं घर दाखवलं. गिरजाबाईच्या अंगणात शेगडी नव्हती. शेगडीची गोल काळी खूण आणि थोडी राख तेवढी होती.

पडवीत पाट्यावर वरवंटा उभा करून गिरजाबाई हळदकुंकू वाहत होती. पाचवीची पूजा. बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, म्हणून ही मांडणी. मला पाहून ती लगबगीनं उठली.

“मॅडम? या या! पाचवीले आल्या? इहीनबाई, पाहा कोन आलं, मी म्हनत होतो न, थे मॅडम!”

“गिरजाबाई, शेगडी कुठाय?”

“आत. तुमी सांगतलं तशी. पाचवी म्हनून आज लवकर पेटोली, धूर पुरा जाऊ देला, मंग नेली. चार दिस मी दार उघडं ठेवत होतो तं इहीनबाई माह्यावर चिडून होती, सुनेले थंडीनं मारतं म्हने. आज म्हनलं, मॅडमनं पक्कं सांगतलं, घ्या लावून दार. अर्धा तास झाला असन. दोघी मायलेकी निजल्या आहेत गपचिप.”

मी चपलांसकट आत पळाले. खोलीच्या दाराखाली पोत्याचं फडकं कोंबलेलं होतं. दार ढकललं. आत ऊब होती, ओव्याचा वास होता, मिणमिणता दिवा होता. बाजेखाली शेगडी लालभडक, सुंदर दिसत होती. धुराचा टिपूस नव्हता. त्या खोलीत वाईट असं काहीच दिसत नव्हतं.

“वनिता! वनिता, ऊठ!”

पोरीनं डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरेनात. “डोकं,” ती पुटपुटली, आणि उठायला गेली तशी बाजेवरून खाली ओकली. बाळ तिच्या कुशीत होतं. मी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. ते रडलं नाही. पुन्हा मारली. नुसता ओठ हलला.

“भाऊ, शेगडी बाहेर! गिरजाबाई, बाळ घ्या, अंगणात नाही, मागं मोकळ्यात न्या, तिकडं धूर नाही!”

टेकामभाऊंनी तेच पोत्याचं फडकं हाताला गुंडाळून शेगडी उचलली. मी वनिताच्या काखेत हात घालून तिला जवळजवळ ओढतच नेलं. तिची सासू, पार्बताबाई, दारात आडवी आली.

“अवो, का करता? पाच दिसाची बाळंतीन हाये! वारा लागन तिले!”

“लागू दे वारा!” गिरजाबाई ओरडली. एवढ्याशा बाईच्या छातीत तो आवाज कुठे होता देव जाणे. पार्बताबाई बाजूला सरली.

परसात तुरीच्या शेताकडून थंड वारा येत होता. गिरजाबाई बाळाचं तोंड वाऱ्याकडे धरून उभी होती. आम्ही सगळे त्या एवढ्याशा तोंडाकडे बघत होतो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. टेकामभाऊ नंतर म्हणाले की दोन-तीन मिनिटं असतील. मग बाळानं तोंड वाकडं केलं, श्वास आत ओढला, आणि असं काही रडलं की शेजारच्या घरातून बायका धावत आल्या. मी आजवर गाण्याच्या मैफिली ऐकल्या आहेत, पण त्या रडण्याच्या तोडीचं काही ऐकलेलं नाही.

जीपच्या सगळ्या काचा खाली करून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी दोघींना ऑक्सिजन लावला. “अजून तासभर गेला असता तर अवघड होतं,” ते म्हणाले. “आता ठीक आहेत. उद्यापर्यंत ठेवू.” मग मला विचारलं, “दार बंद करून शेगडी ठेवायला यांना सांगितलं कुणी?”

“मी,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी तेवढंच कागदावर लिहून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बाहेर व्हरांड्यात गिरजाबाई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

“गिरजाबाई, चूक माझी. तुम्ही बरोबर विचारलं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं. निखाऱ्यातून धूर निघत नाही, पण विषारी वायू निघतो. तुमच्या लेकीला आणि नातीला आज माझ्यामुळे...”

मी शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. ती साहेबांकडे तक्रार करणार, हेही धरून चालले होते, आणि ते योग्यच झालं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, जणू माझ्या बोलण्यातला अर्धाच भाग तिला ऐकू आला होता.

“म्हंजे निखारा बी मारते? धूर नसून?”

“हो.”

“निजलेल्या मानसाले जाग नाही येत?”

“नाही येत. गुंगीच येते.”

“अन् माय वाचली अन् लेकरू गेलं, असं होते कधी?”

“होतं. तान्हा जीव तो, आधी त्याच्यावरच...” मी थांबले. दुपारचा तिचा पडलेला चेहरा मला आत्ता कुठे दिसला. “का विचारता, गिरजाबाई?”

तिनं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

“वनिता माही दुसरी. पयला पोरगा होता. आज पाचवी न, त्याची बी पाचवीच होती त्या दिशी. अशीच थंडी, अशीच शेगडी. सासूनं दार लावून देलं, फटीत चिंध्या कोंबल्या. म्या त्याले पाजता पाजता निजली. सकाळी सासूनं हलोलं तं माहं डोकं दगडासारखं, सारखी उलटी. अन् थो माह्या कुशीत गार.”

दिव्याखाली एक नर्स येऊन गेली. गिरजाबाई ती जाईपर्यंत थांबली.

“सारे म्हनले, अंगाखाली घेतलं. राकसावानी निजली अन् पोरगं दाबून मारलं. सासूनं म्हनलं, जावेनं म्हनलं, गावानं म्हनलं. मले बी तसंच वाटलं न, मॅडम. निजेत का झालं, मले कुठं मालूम? तेवीस वर्सं झाली. वनिता झाली तं सा महिने म्या रातभर बसून राहत होतो, अशी, भित्तीले टेकून. तिच्या बाजूले आडवी झाली नाही. अजून बी मले तशीच सवय हाये.”

मला भिंतीला पाठ टेकणारी ती बाई दिसली, जिला मी सकाळी आळशी ठरवलं होतं.

“मंग दोन वर्सांआंधी खानीच्या चौकीत दोन गडी मेले. शेगडी घेऊन दार लावून निजले होते. सारे म्हनले भानामती. मले वाटलं, त्यायले कोनं दाबलं? दोघंबी धट्टेकट्टे. तवापासून माह्या डोस्क्यात थो प्रश्न. म्हनून आज पाच दिसाची बाळंतीन घरी टाकून आलो. इचारू म्हनलं. तुमी म्हनलं, धूर नसला तं भेव नाही.” ती थोडी हसली, कुणाला दोष न देता. “मंग म्हनलं, म्हंजे म्याच दाबलं होतं.”

मी तिचे दोन्ही हात धरले. “नाही, गिरजाबाई. डोकं दगडासारखं झालं होतं ना? उलट्या झाल्या ना? आज वनिताला झालं तेच. तुम्ही निजला नव्हतात, तुम्हीही बेशुद्धच होतात. तुम्ही स्वतः वाचलात हेच नशीब. तुम्ही काहीही केलेलं नाही.”

“म्या नाही दाबलं?”

“नाही.”

आतून नातीचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. थोड्या वेळानं गिरजाबाई उठली, आत गेली आणि लेकीच्या कॉटवर, तिच्या बाजूला, कुशीवर आडवी झाली. नर्स म्हणाली, “अहो बाई, पेशंटच्या कॉटवर झोपायचं नाही.” मी नर्सला बाहेर घेऊन गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडायची विनवणी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हॉल भरला. फळ्यावर माझी कालची अक्षरं तशीच होती. शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती आणि खरं सांगायचं तर मला त्यानं जरा हायसं वाटलं. मी चुकलं ते सुधारणार होतेच, पण कसं सुधारायचं याचा एक सोयीचा रस्ता मी पहाटेच शोधून ठेवला होता. ‘काल एक मुद्दा राहून गेला’ असं म्हणायचं, निखाऱ्याचं सांगायचं आणि पुढे जायचं. चूक आणि राहून गेलेला मुद्दा यांत फरक आहे, पण तो कुणाच्या ध्यानात येणार?

“तर मैत्रिणींनो, काल एक मुद्दा...”

दार उघडलं. गिरजाबाई आत आली. कालचंच लुगडं, केस विंचरलेले. ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली, खुर्चीवर पिशवी ठेवली, पण बसली नाही. तिनं हात वर केला.

“मॅडम, एक इचारू?”

“विचारा ना.”

“अन् धूर नसला तं?”

दोघीतिघी हसल्या. “अवो गिरजाबाई, कालच तं इचारलं तुमी,” कुणी तरी म्हणालं.

गिरजाबाईनं तिकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. काय झालं ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, हॉलमधल्या इतर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं मनात आणलं असतं तर दोन वाक्यांत मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं. त्याऐवजी तिनं कालचाच प्रश्न पुन्हा माझ्या हातात दिला होता, या वेळी नीट उत्तर देण्यासाठी.

मी डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

“काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” मी म्हणाले. “वह्या काढा. ‘शेगडी धूर गेल्यावर आत न्या’ हे वाक्य खोडा. सगळ्यांनी खोडा, मी बघतेय.”

मग मी सांगितलं. निखाऱ्याचं, न दिसणाऱ्या वायूचं, बंद दाराचं, कोंबलेल्या चिंध्यांचं. बाळंतिणीला ऊब हवी तर बाळ आईच्या उघड्या छातीशी धरा, डोक्याला टोपडं घाला, गोधड्या घ्या. पण कोळशाची शेगडी निजायच्या खोलीत नाही म्हणजे नाही. काल संध्याकाळी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून एका घरात काय झालं, तेही सांगितलं. नाव घेतलं नाही.

गिरजाबाई अजून उभी होती.

“मंग, मॅडम, असं एखांदं लेकरू गेलं असन, मायच्या कुशीत, तं त्या मायचा काही कसूर नसते न?”

दुसऱ्या रांगेत मोहबोडीकडच्याच दोघी जणी होत्या. त्यांतल्या एकीनं दुसरीकडे पाहिलं आणि दोघींनी माना खाली घातल्या. गिरजाबाई मागे का बसते, ते मला तेव्हा कळलं.

“नसतो,” मी म्हणाले. पण तो शब्द फार हळू निघाला.

“जरा जोरानं सांगा, मॅडम,” गिरजाबाई म्हणाली. “पुढच्यांले ऐकू गेलं नसन.”

मी जोरानं सांगितलं. तशी ती शेवटच्या रांगेतून निघाली, सगळ्यांच्या मधून चालत आली आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसली. मागे भिंत नव्हती.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तिची नात आता बारावीला आहे. मी त्यानंतर किती प्रशिक्षणं घेतली त्याचा हिशेब नाही, पण मला खरं शिकवलं ते मोहबोडीच्या गिरजाबाईनं, आणि तिचे उपकार फिटायचे नाहीत. अजूनही शेगडीचं चित्र आलं की मी ते वाक्य दोनदा सांगते. मायचा कसूर नसतो. एकदा सांगते ते शिकवायचं म्हणून. दुसऱ्यांदा जोरानं सांगते, कारण त्या हॉलमध्ये भिंतीला टेकून कोण बसलंय, हे मला माहीत नसतं.